घराण्याचं निशाण नंतर काढा, आधी त्याच्या गाई मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी, पाच जणांच्या गटाकरता, तुम्ही सेल्टिक धाटणीचं एक काल्पनिक बेट रचलंय. त्यावर सात सरदार घराणी आहेत. प्रत्येकाचा रंग, निशाण, ब्रीदवाक्य आणि किल्ला ठरलाय, नकाशाही तयार आहे. पण तीन सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, झाली तरी खेळाडूंना घराण्यांची नावं आठवत नाहीत. ते ‘हिरवेवाले’ आणि ‘रानडुकरवाले’ म्हणून काम भागवतात. राजकारण काही पेटत नाही. नेमकं काय चुकतंय?

मी गेली अठरा वर्षं गेम मास्टर म्हणून, म्हणजे जग रचून खेळ चालवणारा म्हणून, टेबल चालवतोय, त्यातली बरीचशी याच प्रकारच्या जगात गेली. माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या सलग कथेत) अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोष तुमच्या मेहनतीत नाही. ज्या गोष्टींनी तुम्ही घराणी सजवलीत त्या मुळात या जगाच्या नाहीत. ढालीवर वंशपरंपरेनं चालणारं निशाण ही बाराव्या शतकातल्या युरोपातली पद्धत आहे, आणि नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले तेच ११६९ साली. प्रत्येक घराण्याला ठरलेला चौकडीचा कपडा ही तर स्कॉटलंडमधली खूप अलीकडची गोष्ट. राजा चौथा जॉर्ज १८२२ साली एडिंबराला आला, त्या सोहळ्यानंतर तिची लाट उसळली. दगडी किल्लेही तसेच उशिराचे. निशाण दिसायला छान असतं, पण त्यामुळे कुणालाही काही करावं लागत नाही. घराणं जिवंत होतं ते त्याच्या येण्या-देण्यामुळे. ते कुणाचं तरी देणं लागत असावं, कुणाकडे तरी त्याचं येणं थकलेलं असावं, आणि ती वसुली याच सेशनमध्ये दारात येऊन उभी राहावी.

यासाठी आधी एक ठरवा: ‘सेल्टिक’ म्हणजे नेमकं कुठलं? गॉल, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची खिचडी केली की कशालाच चव राहत नाही. मी इसवी सन ७०० च्या आसपासचं आयर्लंड पायाला धरतो. कारण साधं आहे: त्या काळातल्या आयरिश कायद्याचे ग्रंथ टिकून आहेत. त्यातला ‘क्रीथ गबलख’ हा ७०० च्या सुमाराचा ग्रंथ तर फक्त कुणाचा दर्जा कोणता आणि त्याला काय काय मिळतं, एवढंच सांगतो. गेम मास्टरला याहून मोठा खजिना कुठला?

आता नाणी काढून टाका. मी हे अगदी आग्रहानं सांगतो. आयर्लंडमध्ये पहिली नाणी पाडली ती डब्लिनच्या नॉर्स राजानं, दहाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी हिशेब गाईंचा होता. दुभती गाय हे मूळ माप. अर्ध्या गाईच्या किमतीचा ‘सेत’ आणि सर्वसाधारणपणे तीन गाईंच्या किमतीचा ‘कुवल’. (कुवल या शब्दाचा मूळ अर्थ दासी. त्या समाजात गुलामगिरी होती. ती तुमच्या टेबलावर आणायची की नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांशी मोकळेपणानं बोलून ठरवा.) सोन्याच्या नाण्यांची थैली कमरेला बांधून पात्र कुठेही निघून जातं. बक्षीस म्हणून वीस गाई मिळाल्या की कुरण लागतं, गुराखी लागतो, रात्रीची राखण लागते, आणि शेजारच्या टोळीला बातमी कळायच्या आत त्या घरी न्याव्या लागतात. माझ्या टेबलावरची सगळ्यात थरारक तीन सेशन अशा वीस गाई एका पुराच्या नदीतून पार नेण्यात गेली. त्यात ड्रॅगन नव्हता.

मग राजे लहान करा. तुमच्या बेटावर एक महाराजा आणि त्याच्याखाली सात घराणी आहेत, म्हणजे घराण्यांना वर बघण्यापलीकडे काम नाही. त्या काळच्या आयर्लंडमध्ये ‘तूआथ’ नावाची छोटी राज्यं शंभर ते दीडशे होती आणि प्रत्येकाला स्वतःचा राजा होता. त्याच्यावर अनेक तूआथांचा अधिराजा, त्याच्यावर प्रांताचा राजा. ही उतरंड जमिनीच्या मालकीवर उभी नव्हती. खालचा राजा वरच्याला ओलीस म्हणून आपली माणसं द्यायचा आणि वरचा त्याला मानाच्या भेटी द्यायचा. ज्याच्याजवळ ओलीस नाहीत तो कसला राजा, अशीच तिथली समजूत. तेव्हा प्रत्येक मोठ्या घराण्याच्या वाड्यात कोणाकोणाची मुलं ओलीस बसली आहेत, हे आधी लिहा. पंगतीत शेवटच्या जागेवर बसलेला तो गप्प मुलगा कोण, हा प्रश्न खेळाडू स्वतःहून विचारतील.

राजाचा वाडा म्हणजे मातीचा गोल बांध, भोवती खंदक, आत लाकूड आणि काटक्यांची घरं. अशा गढ्यांचे सुमारे ४५ हजार अवशेष आयर्लंडमध्ये आजही ओळखता येतात. त्यातल्या बहुतेक सुखवस्तू शेतकऱ्यांच्या. क्रीथ गबलखमध्ये राजाचा आठवडासुद्धा लावून दिलाय: रविवारी बिअर पाजणं, सोमवारी न्याय आणि तूआथांमधले तंटे, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्री धावताना बघणं, गुरुवारी बायकोसोबत, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा न्यायनिवाडे. हा आठवडा तसाच उचला. खेळाडूंना राजाला भेटायचं असेल तर ते कोणत्या वारी येतात यावर सगळा प्रसंग बदलतो. मंगळवारी आले तर आधी पट मांडावा लागेल.

आता मुख्य गोष्टींपैकी पहिली, चेहऱ्याची किंमत. आयरिश कायद्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या दर्जाप्रमाणे एक ठरलेली रक्कम असते. तिच्या नावाचा शब्दशः अर्थच ‘चेहऱ्याची किंमत’. आपण ‘तोंड दाखवायला जागा राहिली नाही’ म्हणतो, त्यांनी त्या तोंडाचा भाव गाईंमध्ये बांधला होता. तूआथच्या राजाची किंमत सात कुवल, म्हणजे एकवीस गाई. चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याची पाच सेत, म्हणजे अडीच गाई. अपमान केला, पाहुणचार नाकारला, त्याच्या आश्रितावर हात टाकला, तर ही रक्कम भरून द्यायची. पण खेळाच्या दृष्टीनं खरी गंमत पुढे आहे. स्वतःच्या किमतीपेक्षा मोठा करार माणूस करू शकत नाही. वरच्या दर्जाच्या माणसाची शपथ खालच्याच्या शपथेला खोडून काढते. म्हणजे ही रक्कम नुसती दंडाची नाही, त्या माणसाच्या शब्दाचं ते वजन आहे.

मी माझ्या टेबलावर पात्राच्या शीटवर हा आकडा सगळ्यात वर, ठळक लिहायला लावतो. लेव्हल वाढली की हल्ल्याचा बोनस वाढतोच, पण त्यापेक्षा हा आकडा वाढल्याचा आनंद मोठा असतो. आणि तो घसरतोही. राजा कुदळ, कुऱ्हाड किंवा मोगरी हातात घेऊन राबताना दिसला तर त्याचा मान जातो. लढाईत त्याला मानेवर मागून जखम झाली, म्हणजे तो पळत होता, तरी जातो. एका सेशनमध्ये माझ्या खेळाडूंनी जळत्या कोठारातून माणसं काढण्यासाठी राजाच्या हातात कुऱ्हाड दिली. त्यानं दार फोडलं, अकरा जीव वाचले. दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलत्यानं सभेत एवढाच प्रश्न विचारला: काल रात्री कुऱ्हाड कुणाच्या हातात होती? पुढचे चार महिने आम्ही त्या एका प्रश्नावर खेळलो.

याच अडचणीतून निघालेली एक तरतूद सांगतो. राजावर फिर्याद करून त्याचा माल जप्त करायचा तर त्याचा चेहरा जातो. म्हणून राजाच्या वतीनं देणं अंगावर घेणारा एक हलक्या दर्जाचा माणूस नेमलेला असे. फिर्यादी त्याचं जनावर ओढून न्यायचा, मग राजा त्याला भरपाई द्यायचा. हा माणूस तुमच्या प्रत्येक घराण्यात असू द्या. राजाची सगळी गुपितं त्याला ठाऊक असतात, कारण ती त्याच्याच गोठ्यातून भागवली जातात.

दुसरी मुख्य गोष्ट म्हणजे भाऊबंदकी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन. तुमच्या सातही घराण्यांत ‘थोरला मुलगा वारस’ असं लिहिलंय. ते पुसा. थोरल्या मुलाचा हक्क या समाजात नव्हता. एका पणजोबाचे सगळे पुरुष वंशज मिळून जो कुळगट होतो त्याला ‘डेर्व-फिने’ म्हणत. एका राजा-पणजोबाला तीन मुलगे, प्रत्येकाला तीन, त्यांना पुन्हा तीन: चौथ्या पिढीत सत्तावीस जण. सत्तावीस ‘राजा होण्याजोगे’ पुरुष, सगळे एकमेकांचे सख्खे, चुलत किंवा दूरचे चुलत भाऊ. त्यातून कधी राजा जिवंत असतानाच पुढचा निवडून ठेवायचे, त्याला ‘तानिश्ता’ म्हणत. आज आयर्लंडच्या उपपंतप्रधानाला हेच पद-नाव आहे.

यात एक बोचरी अट अशी मांडली जाते: ज्याच्या बापानं, आजोबानं किंवा पणजोबानं राज्य केलेलं नाही, तो शर्यतीतून बाद. ऑइन मॅकनील या इतिहासकारानं हे चित्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. पुढे डोनहा ओ कोराइन यांनी दाखवून दिलं की प्रत्यक्षात गादी बहुतेक वेळा राजांच्या मुलांमध्येच फिरत होती, आणि ताकद नियमापेक्षा मोठी होती. अभ्यासकांचा वाद त्यांच्या जागी राहू दे. खेळासाठी मात्र ही अट अनमोल आहे, कारण ती प्रत्येक शाखेच्या डोक्यावर घड्याळ टांगते.

माझ्या जगातलं एक घराणं घ्या, ‘ऊई रोनान’. पणजोबा रोनान राजा होता. थोरल्या शाखेनं दोनदा गादी भोगली, मधल्या शाखेनं एकदा. धाकट्या शाखेत रोनाननंतर कुणीच राजा झालं नाही. त्या शाखेतला लोर्कान सतरा वर्षांचा आहे, रोनानचा पणतू. तो राजा झाला नाही तर त्याची मुलं जन्मतः सामान्य सरदार, त्यांची मुलं त्याहून खाली. लोर्कान वाईट मुलगा नाही. त्याला सत्तेची हावही नाही. पण त्याची आई त्याच्याकडे रोज कशी बघते, हे एकदा टेबलावर दाखवा. मग खलनायक शोधावा लागत नाही. थोरल्या शाखेच्या राजाला खोकला झाला एवढी बातमीसुद्धा मग प्रसंग घडवायला पुरते.

गादी रिकामी झाल्यावर काय होतं याचं उदाहरण हवं असेल तर ऊई नेल या खऱ्या घराण्याकडे बघा. आठव्या शतकापासून १००२ पर्यंत ताराच्या, म्हणजे आयर्लंडच्या सर्वोच्च राजाच्या, गादीचा मान बहुतांशी त्यांच्या उत्तर आणि दक्षिण शाखांमध्ये आलटून-पालटून फिरत राहिला. मग ब्रायन बोरूनं तो खेळ मोडला. ब्रायनचं डाल ग्काश हे घराणं आधी फारसं मोठं नव्हतं. ते बळावलं तसं त्याच्या वंशावळीत मुन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताच्या जुन्या राजघराण्याशी नातं उगवलं: दोन्ही कुळांचे मूळपुरुष सख्खे भाऊ होते म्हणे! वंशावळ लिहिणारे हे काम करून द्यायचे. म्हणून तुमच्या बेटावर तलवारीपेक्षा धोकादायक माणूस म्हणजे वंशावळ सांभाळणारा. त्याच्याकडचं एक पान चोरायचं, जाळायचं किंवा खोटं लिहून घ्यायचं, एवढ्यावर अख्खं साहस उभं राहतं.

तिसरी गोष्ट माझी सगळ्यात आवडती: मुलं दुसऱ्याच्या घरी वाढवणं. सरदारांची मुलं लहानपणीच दुसऱ्या घराण्यात पाठवत. मुलगी चौदाव्या वर्षापर्यंत, मुलगा सतराव्या वर्षापर्यंत तिथे राही. नुसत्या प्रेमापोटी पाठवत किंवा दर्जाप्रमाणे ठरलेलं पालनमोल देऊन. कायद्यात तपशील किती बारीक आहेत बघा. सगळ्यांना लापशी, पण सामान्याच्या मुलाला तीत शिळं लोणी, सरदाराच्या मुलाला ताजं लोणी, राजाच्या मुलाला मध. राजपुत्राला घोडेस्वारी, पोहणं, नेमबाजी, पटावरचे खेळ शिकवायचे. शेतकऱ्याच्या मुलाला कोकरं-वासरं सांभाळणं, धान्य भट्टीवर वाळवणं, लाकडं फोडणं. सरदाराच्या मुलीला शिवण आणि भरतकाम, शेतकऱ्याच्या मुलीला जातं, चाळण आणि कणीक मळणं.

आणि भाषेचा पुरावा तर काळजाला हात घालतो. जुन्या आयरिशमध्ये पालक आईबापांसाठी जे शब्द आहेत, ते मुळात लहान मुलाच्या तोंडचे, ‘बाबा’ आणि ‘आई’ म्हणावं तसे लाडाचे शब्द. ज्यांनी जन्म दिला त्यांच्यासाठी औपचारिक शब्द उरले. म्हातारपणी पालक आईबापांना सांभाळायचं कर्तव्यही मुलावर होतं. या नात्याची ताकद कळायला कू खुलिन आणि फेर्दिया या आयरिश वीरकथांमधल्या योद्ध्यांची कथा पुरेशी आहे. दोघं एकाच गुरुणीकडे, स्काथाखकडे, एकत्र वाढलेले. राणी मेव्हच्या स्वारीत नदीच्या उतारावर समोरासमोर येतात. दिवसभर लढतात, संध्याकाळी एकमेकांना औषधपाणी आणि खाणं पाठवतात, सकाळी पुन्हा लढतात. शेवटी कू खुलिन त्याला मारतो आणि त्याचं प्रेत उचलून आपल्या काठावर आणतो.

तुम्ही एवढंच करा: प्रत्येक खेळाडूला विचारा, तुझं पात्र कुणाच्या घरी वाढलं, आणि त्या घरात तुझ्याबरोबर दुसरं कोण वाढलं? ज्या घराण्याशी पुढे वैर होणार आहे, नेमकं तेच घर द्या. मी लोर्कानला एका खेळाडूच्या पात्राचा पालकभाऊ केलं. त्या दिवसापासून ऊई रोनान हे नाव कुणी विसरलं नाही. घराणं लक्षात ठेवायला वहीत लिहावं लागलं नाही, कारण ते नाव म्हणजे लहानपणी मधाच्या वाडग्यावरून भांडलेला मुलगा होता.

आश्रितांबद्दल थोडक्यात. सरदार होतो तो जमिनीमुळे कमी आणि आश्रितांमुळे जास्त. सरदार गाई देतो, त्या बदल्यात आश्रित दरवर्षी धान्य, मांस, माल्ट देतो, राबतो, आणि हिवाळ्यात सरदार लवाजम्यासह त्याच्याकडे मुक्कामाला आला की खाऊ घालतो. सगळ्यात खालच्या पायरीच्या सरदाराला क्रीथ गबलखप्रमाणे दहा आश्रित हवेत: पाच मोकळे, पाच बांधील. नऊच उरले तर? हा प्रश्न कर्जात बुडालेल्या कुठल्याही सरदाराला झोपू देत नाही. त्या दहाव्या माणसाला फोडणं म्हणजे युद्ध न करता घराणं पाडणं.

कवींकडे खेळाडू नेहमी ‘गाणी म्हणून बोनस देणारा’ म्हणून बघतात. इथल्या कवीची पदवी वर्षानुवर्षांच्या शिक्षणानं मिळते, दर्जाच्या सात पायऱ्या आहेत, आणि सर्वांत वरचा कवी राजाच्या तोलामोलाचा. त्याचं शस्त्र म्हणजे निंदाकाव्य. ते ऐकून चेहऱ्यावर फोड येतात अशी समजूत होती, म्हणजे पुन्हा तोच चेहरा. देवकथेत ब्रेस नावाच्या राजाकडे कार्ब्रे हा कवी येतो. त्याला एका अंधाऱ्या, चूल नसलेल्या झोपडीत उतरवतात आणि तीन सुक्या भाकऱ्या देतात. सकाळी निघताना तो ब्रेसवर काव्य करतो, आणि त्या दिवसापासून राजाची भरभराट ओसरते. विनाकारण निंदा करणं हा गुन्हाच होता. चिकटून बसेल असं टोपणनाव पाडणंसुद्धा. तुमच्या खेळाडूंना एखाद्या सरदाराचं टोपणनाव पाडू द्या आणि महिन्याभरानं त्याचा दंड मागायला माणूस पाठवा.

दुबळ्याचं शस्त्र वेगळं होतं: उपास. मोठ्या माणसाकडून येणं असेल तर फिर्यादी त्याच्या दारात उपाशी बसायचा. आत बसलेल्यानं तारण दिलं नाही आणि खुशाल जेवला, तर त्याला दुप्पट भरावं लागे. ही प्रथा मराठी वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही, कारण देणेकऱ्याच्या दारात धरणं धरून बसणं आपल्याकडेही होतं. हेन्री मेन या इंग्रज कायदेपंडितानं हिंदुस्थानात काही वर्षं काढली होती. त्यानं १८७५ साली या दोन्ही प्रथा शेजारी ठेवून दाखवल्या. माझ्या अनुभवात हा प्रसंग आपल्या खेळाडूंना लगेच भिडतो. एक म्हातारी राजाच्या दाराशी बसली आहे, आत मेजवानी चालू आहे, आणि पात्रांच्या पुढ्यात ताटं वाढलेली आहेत. घास घ्यायचा की नाही?

मग गेश. गेश म्हणजे व्यक्तीवर असलेलं बंधन, न मोडण्याची गोष्ट. नवखे गेम मास्टर ते शापासारखं वापरतात आणि वाया घालवतात. गेशची खरी धार दोन बंधनं एकमेकांवर आपटतात तेव्हा दिसते. कू खुलिननं कुत्र्याचं मांस खायचं नाही, आणि कुठल्याही चुलीपाशी दिलेलं अन्न नाकारून पुढे जायचं नाही. तीन म्हाताऱ्या वाटेवर कुत्रा शिजवत बसतात आणि त्याला बोलावतात. तो संपतो तो तिथेच, लढाई नंतर होते. प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला दोन गेश द्या, दोन्ही निरुपद्रवी वाटतील असे. त्यांची गाठ कशी मारायची हे शत्रूवर सोडा.

बायकांबद्दल तुमच्या टिपणात ‘योद्धा राण्या’ एवढंच आहे. मेव्ह ही कथेतली राणी; कायद्यातलं चित्र जास्त गुंतागुंतीचं आणि खेळायला जास्त चांगलं आहे. विवाह आणि सहवासाचे नऊ प्रकार कायद्यानं मोजले आहेत, आणि त्यात दोघांनी सारखी संपत्ती आणलेला विवाह सगळ्यात वरचा. त्यात एकमेकांना विचारल्याशिवाय मोठा व्यवहार करता येत नाही. घटस्फोट होता, वाटणी होती. भाऊ नसलेली मुलगी बापाची जमीन हयातभर सांभाळू शकत होती, मात्र तिच्यानंतर ती जमीन तिच्या मुलांकडे न जाता बापाच्या भावकीकडे परत जायची. अशी एक वारसदार बाई घराण्यात ठेवा. तिचे चुलतभाऊ तिच्या मरणाची वाट बघत आहेत आणि ती ठणठणीत आहे.

आता तुमच्या पाच खेळाडूंचं काय? या जगात सामान्य माणसाला आपल्या तूआथच्या हद्दीबाहेर फारसे हक्कच नाहीत. समुद्रापलीकडून आलेल्या अनोळखी माणसाला तर ‘करडा कुत्रा’, म्हणजे लांडगा, म्हणत. मग भटके साहसवीर टिकतील कसे? उत्तर तयार आहे: ‘फियान’. सरदारांची तरुण मुलं, ज्यांना अजून जमिनीचा वाटा मिळालेला नाही, ती समाजाच्या कडेला टोळी करून राहत, शिकार करत, लुटालूट करत, लढायला भाड्यानं जात. वाटा मिळाला की परत येऊन घर मांडत. तुमचा गट म्हणजे नेमकी हीच टोळी. प्रत्येक जण कुठल्या तरी घराण्याचा, वाट पाहणारा. कॅम्पेनचा शेवटही मिळाला: एकेक जण वाटा मिळून घरी जातो आणि उद्या त्यांना एकमेकांविरुद्ध उभं राहावं लागतं.

नावांविषयी आपल्याला एक मोठी सोय आहे. रोमन लिपीतली आयरिश नावं वाचताना सगळे अडखळतात, कारण तिथे बी-एच आणि एम-एच यांचा उच्चार व होतो आणि काही अक्षरं गिळली जातात. देवनागरीत आपण उच्चारच लिहितो: साइव्ह, नीव्ह, ताइग. लिहा तसं बोला. कुळांच्या नावातही वय दडलेलं असू द्या. ‘डाल’ आणि ‘कोर्कू’ने सुरू होणारी नावं जुन्या घडणीची, ‘ऊई’ म्हणजे वंशज आणि ‘केनेल’ म्हणजे कुळ ही नंतरची. माझ्या जगात ‘डाल एर्क’ सगळ्यात जुने, मान मोठा, गाई चाळीस. ऊई रोनानकडे गाई सहाशे, पण मेजवानीत डाल एर्कच्या म्हाताऱ्याच्या आधी मांसाचा तुकडा उचलायची त्यांची हिंमत नाही.

शेजारचं बेट वेगळं वाटायला हवं असेल तर तिथे वेल्सचा नियम लावा. तिथे सगळ्या मुलग्यांना जमिनीत सारखा वाटा, बापानं मान्य केलेल्या अनौरस मुलालाही. ग्विनेथचा राजा ओवाइन ११७० साली मेला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा हिवेल, जो कवीही होता, सावत्र भावांशी लढताना पडला.

पुढच्या सेशनआधी सातपैकी चार घराणी बाजूला ठेवा. फेकू नका, पुढे लागतील. उरलेल्या तिघांसाठी एकेक पान घ्या आणि त्यावर कुणाच्या किती गाई कुणाकडे आहेत, कुणाचं मूल कुणाच्या घरी वाढतंय आणि कुणाचं ओलीस आहे, कोणत्या शाखेची ही शेवटची संधी आहे, आणि कोणता कवी कुठल्या दारातून उपाशी परतलाय, एवढंच लिहा. रंग कुठला ते खेळाडू ठरवतील.

सुरुवातीचा प्रसंगही देतो. राजाच्या अंगाला व्यंग असेल तर गादी जाते हा नियम तुमच्या बेटावर लागू करा. देवांचा राजा नुआदा याचा हात तुटला तेव्हा त्याची गादी गेली होती. आणि अल्स्टरचा खरा राजा कोंगल केख, म्हणजे एकाक्ष कोंगल, जो ६३७ साली मॉय राच्या लढाईत पडला, त्याच्याबद्दल मधमाश्यांच्या कायद्याच्या ग्रंथात नोंद आहे की माश्यांनी डोळा फोडला म्हणून ताराचं राजेपद त्याच्या हातून गेलं. तर तुमचं सेशन रविवारी, बिअरच्या दिवशी सुरू करा. ऊन पडलंय, राजा अंगणात बसलाय, आणि एक मधमाशी त्याच्या डाव्या डोळ्याला डसते. दरबारी वैद्य आत पळतो. बाहेर सत्तावीस भाऊबंद एकमेकांकडे बघत उभे आहेत. आणि पोळं कुणाच्या आवारातलं, हे तुमच्या खेळाडूंपैकी एकालाच ठाऊक आहे, कारण तो त्याच घरात वाढलाय.